सात हजार दोनशे किलोमीटर, पाच तास

अप्पा,

दहा तास पंचवीस मिनिटं. तुमच्या विमानाला मुंबईहून लंडनला पोचायला एवढा वेळ लागणार होता. तिकिटाच्या दुसऱ्या पानावर, खाली कोपऱ्यात, बारीक अक्षरात तो आकडा छापलेला होता. मी तुम्हाला पाच तास सांगितले होते.

हे आता तुम्हाला सांगून काय उपयोग, असं मनात येतं. तुम्हाला ते कुणी सांगायच्या आधीच कळलं होतं, विमानात बसल्या जागी कळलं होतं. पण तुम्ही गेल्याला महिना होत आला आणि मी अजून तुमच्याशी धड बोललेले नाही. तुमच्या फोटोसमोर सगळे हात जोडून उभे राहिले. मीही राहिले, पण माझी मान वर झाली नाही. बोलायचं तर सगळंच बोलावं लागेल.

नाशिकजवळ मखमलाबादच्या पुढे मळ्याकडे आपली वीस-बावीस घरं. तुमची मुलगी वैशालीताई आधी पुण्याला शिकायला आणि मग लंडनला नोकरीला गेली, तेव्हापासून वस्तीतले कागद माझ्याकडे यायला लागले. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. वडील मार्केट यार्डात हमाली करतात, आई दुसऱ्यांच्या मळ्यात भाजी काढायला जाते. मी अकरावीत गेले त्या आठवड्यात कुणीतरी दवाखान्याचा रिपोर्ट घेऊन आलं आणि म्हणालं, बघ गं काय लिहिलंय. मला त्यातलं अर्धं कळलं नव्हतं. पण आई दारात उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून मला कळत नाही असं म्हणवलं नाही. मी काहीतरी सांगितलं. ते नशिबानं बरोबर निघालं. मग गॅसचे अर्ज आले, औषधाच्या बाटल्यांवरचं बारीक लिहिलेलं आलं, बँकेचे मेसेज आले. प्रत्येक वेळी मी काहीतरी सांगत गेले. तुम्ही मला मास्तरीणबाई म्हणायला लागलात ते तेव्हापासून. तुम्ही चेष्टेनं म्हणायचात, मी मात्र ते खरं धरून चालले.

तुम्हाला स्वतःला कागदाची गरज फार पडायची नाही. नाशिकची भाजी आणि फुलं टेम्पोत भरून तीस वर्षं मुंबईला नेलेला माणूस. कुठून कुठवर किती वेळ हे तुमच्या अंगातच होतं. घोटीला एक चहा, कसारा घाट उतरला की डोळ्यांवर पाणी, आणि पुढे कुठल्या फाट्यावर किती वाजता पोचलो म्हणजे बाजाराला वेळेत, हे तुम्ही घड्याळ न बघता सांगायचात. अंतर आणि वेळ यांचं लग्न लागलेलं असतं, असं तुमचं म्हणणं. एक सांगितलं की दुसरं आपोआप समजतं. दोघांचं जमत नसेल तर समजायचं की कुणीतरी खोटं बोलतंय, नाहीतर गाडी कुठंतरी उभी होती.

माझ्या कॉलेजच्या प्रवेशाचा शेवटचा दिवस होता. बस आली नाही म्हणून मी आईबरोबर रस्त्यात रडत उभी होते. तुम्ही रात्रभर गाडी चालवून परत येत होता. टेम्पो थांबवलात, मला वर घेतलंत आणि माझ्या आईला ओरडून सांगितलंत, सव्वादहाला गेटात सोडतो. आम्ही गेटात पोचलो तेव्हा सव्वादहाच झाले होते. तुमच्या टेम्पोतून कोथिंबिरीचा वास अंगाला लावून मी कॉलेजात शिरले. मागे वळून बघितलं तर तुम्ही डावा पाय सीटवर घेऊन चोळत होता. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. ड्रायव्हरचे पाय दुखतातच.

तो पाय. तीस वर्षं क्लच दाबून दाबून डाव्या पोटरीच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या होत्या. मागच्या पावसाळ्यात तो सुजला आणि सूज उतरायला फार दिवस लागले. टेम्पो तुम्ही तुमच्या जोडीच्या ड्रायव्हरच्या, सलीमभाईंच्या हातात दिलात आणि मळ्यातल्या शेवंतीत काकूंना मदत करायला लागलात. त्याच सुमाराला ताईनं तिकीट पाठवलं. तीन वर्षं तिला सुट्टी काढून येता आलं नव्हतं. एकदा येऊन बघा मी कशी राहते, म्हणाली. दोघांना बोलावलं होतं, पण काकूंनी सांगून टाकलं की शेवंती तोडणीला आलीय आणि मी काय त्या विमानात बसायची नाही, तुम्ही जाऊन या.

ती दुपार मला मिनिटामिनिटानं आठवते. तुमच्या ओट्यावर काकू शेवंतीच्या पाट्या भरत होत्या. तुम्ही मोबाईल माझ्या हातात दिलात आणि विचारलंत, किती तास बसावं लागंल? मी तिकीट उघडलं. मुंबईहून दुपारी एक वाजून पाच मिनिटांनी सुटणार. लंडनला संध्याकाळी सहा वाजता पोचणार. मी वजाबाकी केली. पाच तास, त्यातही पाच मिनिटं कमी.

ताईसुद्धा तसंच म्हणाली होती की दुपारी बसा, संध्याकाळी माझ्याकडे जेवायला. तिच्या मनात काय होतं ते मला आता समजतं. तिच्याकडची संध्याकाळ आणि आपली संध्याकाळ वेगळी असते, हे तिला इतकं अंगवळणी पडलंय की सांगावंसं वाटलं नाही.

आणि मला ते माहीत नव्हतं असंही नाही, अप्पा. हेच मला सहन होत नाही. दहावीच्या भूगोलात रेखांशांची उदाहरणं असतात. ग्रीनिचला दुपारचे बारा वाजले असताना भारतात किती वाजतील? साडेपाच. मी ते उदाहरण डोळे मिटून सोडवायचे. माझे त्यातले गुण कधी गेले नाहीत. पण ते परीक्षेतलं होतं. तुमच्या मोबाईलमध्ये, तुमच्या तिकिटात तेच उदाहरण घातलेलं असेल असं माझ्या डोक्यातच आलं नाही. दोन्ही वेळा एकाच घड्याळातल्या धरून मी मोकळी झाले.

तुम्ही मात्र गप्प बसला नाहीत. किती किलोमीटर हाय गं, असं विचारलंत. मी शोधून सांगितलं, साधारण सात हजार दोनशे. तुम्ही भिंतीला टेकलात, डोळे बारीक केलेत आणि बोटांवर काहीतरी मोजलंत.

"तासाला चौदाशे झालं की मास्तरीणबाई. लय पळतंय. जमत नाय हे."

मी हसले. काकूंकडे बघून हसले, त्याही हसाव्यात म्हणून. आणि म्हणाले, "अप्पा, विमान आहे ते, टेम्पो नाही."

काकू खरंच हसल्या. म्हणाल्या, बघा, आता पोरगी तुम्हाला शिकवती. तुम्हीही हसलात आणि मान हलवलीत. बरोबर हाय बाई, मला काय ठावं विमानाचं. अप्पा, तुम्ही बरोबर होता. इतक्या वेगानं जाणारं प्रवासी विमान आज कुठं नाही. तुम्ही कधी विमानाजवळ गेला नव्हता, आणि नुसत्या भागाकारानं तुम्ही चूक पकडली होती. मी ती तुमच्या हातातून काढून घेतली.

खरं भयंकर त्यानंतरचं आहे. तुम्ही मला बांधापर्यंत सोडायला आलात आणि आवाज खाली करून सांगितलंत की डॉक्टरांना विचारून आलोय. पाच-सहा तासांचं बसणं असेल तर हरकत नाही, अधूनमधून उठून चालायचं. त्याहून लांबचा प्रवास असेल तर जायच्या आधी मला भेटा, पायात घालायचे घट्ट मोजे देतो आणि एक इंजेक्शन देतो, नाहीतर रक्ताची गाठ व्हायची भीती आहे. पाच तास म्हणजे जमतंय, म्हणालात. तुमच्या तोंडावर सुटल्याचा आनंद होता. काकूला सांगू नको, ती जाऊ नाय द्यायची. वैशूलाही नको, ती लगेच खोदत बसंल.

म्हणजे तो आकडा कशासाठी हवा होता हे तुम्ही, मी आणि डॉक्टर एवढ्यांनाच माहीत होतं. आणि तो खोटा आहे हे कुणालाच नाही.

त्या रात्री मला तुमचे चौदाशे आठवले. मोबाईलवर विमानाचा वेग किती असतो ते बघायला एक मिनिट लागलं असतं. मी मोबाईल हातात घेतला आणि ठेवून दिला. मला वाटलं, आता बघितलं आणि चुकलेलं निघालं तर उद्या काकूंसमोर जाऊन सांगावं लागेल की टेम्पोवाल्याचं बरोबर होतं. हे असं शब्दांत नव्हतं तेव्हा. पण होतं हेच. मी उशी डोक्यावर घेऊन झोपले.

तुम्ही निघालात त्या पहाटे धुकं होतं. सलीमभाईंनी कुणाचीतरी गाडी आणली होती. तुम्ही नवे काळे बूट घातले होते, लेस बांधायची सवय नव्हती म्हणून काकूंनी खाली बसून बांधून दिली. वस्तीतल्या बायकांनी ओवाळलं. तुम्ही मला म्हणालात, चौदाशेचं काय ते आल्यावर बघू. मी हात हलवला. धुक्यात गाडीचे मागचे लाल दिवे थोडाच वेळ दिसले.

संध्याकाळी सहाला मी काकूंकडे गेले आणि सांगितलं की पोचले असतील. काकूंनी देवाजवळ दिवा लावला आणि फोन मांडीवर घेऊन बसल्या. साडेसहा झाले. मी म्हटलं, सामान मिळायला वेळ लागतो. सात झाले. मी म्हटलं, रांग असते. मला जे काही येत नव्हतं ते सगळं मी त्या दोन तासांत छातीठोकपणे सांगितलं. आठच्या सुमाराला काकूंचा आवाज बदलला, तेव्हा मी बाहेर अंगणात आले आणि विमान कुठं आहे ते दाखवणारं एक ॲप उतरवून घेतलं. नकाशावर पिवळं छोटं विमान होतं. ते काळ्या समुद्राच्या आसपास होतं. खाली लिहिलं होतं, अजून साडेतीन तास.

साडेपाच तासांचा फरक माझ्या डोळ्यांपुढे असा आला, जसा पेपर देऊन बाहेर पडल्यावर चुकलेलं उत्तर आठवतं. आत काकू विचारत होत्या, काय झालं गं? मी आत गेले आणि म्हणाले, विमानाला उशीर झालाय, बाकी काही नाही.

हे दुसरं खोटं. पहिलं निदान अजाणता झालं होतं.

तुमचा फोन आला तेव्हा साडेबारा होत आले होते. तुमचा आवाज ऐकून काकू रडल्या आणि मग तुम्हाला रागावल्या. मी ते सगळं बाजूला बसून ऐकलं आणि मनाला सांगितलं, झालं, सुखरूप पोचले. दहा तास तर दहा तास. उठून चालले असतील.

दोन दिवसांनी तुम्ही व्हिडिओ कॉल केलात. ताईच्या घरातला गालिचा दाखवलात, खिडकीतून दिसणारी सारखी सारखी घरं दाखवलीत. मग तुम्ही ती गंमत सांगितलीत. विमानात घड्याळ लावून बसलो होतो. पाच तास होत आले तसा उठलो, बूट घातले, पिशवी मांडीवर घेतली, पट्टा लावला आणि बसलो तयारीत. म्हटलं आता उतरंल, मग उतरंल. शेजारचा माणूस झोपला, उठला, परत जेवला, तरी मी आपला पिशवी धरून. एकदा ती विमानातली बाई येऊन खुणेनं म्हणाली की पिशवी वर ठेवा. मी म्हटलं नको, आलंच आता. पाच तास तसाच बसलो की गं. बूटसुद्धा काढला नाय. ताई मागे हसून हसून लोळत होती. काकू इकडे पदर तोंडाला लावून हसत होत्या.

तुम्ही हसता हसता माझ्याकडे बघितलंत. मला वाटलं, आता माझं नाव घेणार. तुम्ही म्हणालात, माझाच घोळ झाला, मला त्या घड्याळाचं काय समजतंय.

मी तुम्हाला त्याच वेळी सांगायला हवं होतं. कारण मला तेव्हाच कळलं होतं. माझा आकडा नुसता चुकला नव्हता. त्या आकड्यानं तुम्हाला जागेवर बांधून ठेवलं होतं. दहा तास आहेत हे माहीत असतं तर तुम्ही चार वेळा उठला असता, गल्लीत फेऱ्या मारल्या असत्या, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं. पाच तासांनंतर तुम्ही हललाच नाहीत, कारण मास्तरीणबाईनं सांगितलं होतं की आता उतरायचंय.

त्याच कॉलवर शेवटी तुम्ही म्हणालात की पाय जरा भरून आल्यासारखा वाटतोय, थंडीनं असंल. काकू म्हणाल्या, तेल कोमट करून लावा. मी तिथेच होते, अप्पा. काकूंच्या खांद्यामागे, स्क्रीनच्या कोपऱ्यात माझा अर्धा चेहरा दिसत होता. तुम्ही, मी आणि डॉक्टर. तिघांपैकी एक जण तिथे बसून तुमचा पाय भरून आल्याचं ऐकत होता. ताईला एक मेसेज करायचा होता, अप्पांचा पाय आजच दवाखान्यात दाखव, एवढाच. तो मी लिहिला. मग वाटलं, ती विचारेल का, आणि मग सगळंच सांगावं लागेल. पुसून टाकला. दुसऱ्या दिवशी परत लिहिला. परत पुसला. मनात म्हटलं, सूज असती तर त्यांनीच सांगितलं असतं. मनात म्हटलं, माझी चाचणी परीक्षा संपू दे.

पाचव्या दिवशी सकाळी तुम्ही चहाचा कप ठेवायला उठलात, दम लागतोय म्हणालात आणि स्वयंपाकघराच्या दारात खाली बसलात. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा तुम्ही होता. दवाखान्यात पोचलात तेव्हा नव्हता. पायातली गाठ फुप्फुसात गेली, असं तिथल्या डॉक्टरांनी ताईला सांगितलं.

तुम्हाला परत यायला आठ दिवस लागले. ताई तुमच्याबरोबर आली. मुंबईहून शववाहिका तुमच्याच रस्त्यानं वर आली. शहापूर, कसारा, घाट. घोटीला सलीमभाई आणि तुमचे जुने चार-पाच ड्रायव्हर दोस्त रस्त्याच्या कडेला उभे होते. त्यांनी गाडी थांबवायला सांगितली नाही, नुसते हात जोडले आणि मग आपापल्या गाड्या काढून मागून आले. वस्तीत त्या दुपारी किती गाड्या लागल्या होत्या ते तुम्ही बघायला हवं होतं. पण मला बघवत नव्हतं. मी आमच्या घराच्या मागे, पाण्याच्या टाकीपाशी उभी होते. आईला वाटलं मी तुमच्या मायेपोटी रडतेय. ते खरंही होतं. पण तेवढंच नव्हतं.

नाशिकच्या गंगेवर दहावा झाला, तेरावा झाला. या सगळ्या दिवसांत काकू ताईशी एक शब्द बोलल्या नाहीत. ताई पाणी द्यायची, काकू दुसरीकडून घ्यायच्या. सांत्वनाला येणाऱ्या बायका ओट्यावर बसून हळू आवाजात बोलायच्या, पण ताईला ऐकू जाईल इतक्याच हळू. बापाला लंडन दाखवायला नेलं, आणि पेटीत घालून आणलं. चांगला चालता-बोलता माणूस. बोलावलं नसतं तर आज मळ्यात असता. एकदा काकूच म्हणाल्या, कुणाकडे न बघता, की त्यांना काय हौस होती, पोरीनं हट्ट धरला.

ताईला ते पटलेलं होतं. रोज नवी माणसं यायची आणि रोज कुणीतरी विचारायचं, कसं झालं गं, आणि ताई प्रत्येकाला सुरुवातीपासून सांगायची. त्यात ती बुटाची गोष्टही सांगायची. आता हसून नाही. किती आनंदात होते हो, बूट घालून बसले होते, असं सांगायची. बायका डोळे पुसायच्या. मी भिंतीला टेकून ती गोष्ट सहा-सात वेळा ऐकली. त्या गोष्टीत काय आहे हे त्या घरात फक्त मला माहीत होतं. प्रत्येक वेळी वाटायचं, आता कुणीतरी विचारेल की पाच तास हे त्यांना सांगितलं कुणी? कुणीच विचारलं नाही. ताईला वाटलं, तिच्या दुपार-संध्याकाळ म्हणण्यावरून तुमचा गैरसमज झाला. तोही तिनं स्वतःवर घेतला होता.

तिचं परतीचं विमान ठरलं. ती जायच्या आदल्या दिवशी मी पाणी भरायला गेले तेव्हा ती मागच्या दारी पायरीवर बसून माझ्या आईला सांगत होती की आता मी परत येणार नाही, आईला माझं तोंड बघवत नाही. आई तिची समजूत काढत होती. मी हंडा तिथेच ठेवला. इतके दिवस माझ्या मनात होतं की मी बोलले नाही म्हणजे निदान आणखी काही बिघडत नाही. त्या पायरीपाशी समजलं की रोज बिघडतंय. माझ्या गप्प बसण्यानं एक माणूस गेला होता, आणि आता उद्या दुपारी दुसरं माणूस त्या घरातून कायमचं जाणार होतं.

मी घरात गेले. काकू भाकरी थापत होत्या. मी त्यांना म्हणाले, मला काहीतरी सांगायचंय, ताईसमोर. माझी आई मागून आली, तिला वाटलं मला बरं वाटत नाहीये. ताई दारात उभी राहिली. मी सांगायला लागले आणि आधी सगळं उलटसुलट झालं, रेखांश, ग्रीनिच, दहावीचं पुस्तक. काकू म्हणाल्या, नीट सांग. मग मी क्रमानं सांगितलं. तिकीट, डॉक्टर, अंगणातला नकाशा, पुसलेला मेसेज. काकूंच्या हातातली भाकरी तव्यावर पडायची राहून गेली.

त्यांनी फक्त एवढं विचारलं की त्या दिवशी ओट्यावर ते तुला काहीतरी म्हणाले होते, चौदाशे का काय. मी हो म्हणाले. तू काय म्हणालीस? त्यांना आठवत होतं, अप्पा. त्या हसल्या होत्या त्या वाक्याला. तरी त्यांनी ते माझ्या तोंडून वदवून घेतलं. मी म्हणाले, विमान आहे ते, टेम्पो नाही. त्या स्वयंपाकघरात ते वाक्य कसं ऐकू आलं ते मी लिहू शकत नाही.

ताई माझ्याकडे बघत होती. तिनं विचारलं, "पाय भरून आला म्हणाले, तेव्हा तू तिथे होतीस? तुला माहीत होतं?"

मी मान हलवली.

"पाच दिवस होते गं. एक फोन करायचा होतास."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती वळली आणि बाहेर गेली. माझी आई खाली बसली होती, तोंडाला हात लावून. माझ्या शिकण्यासाठी तिनं लोकांच्या मळ्यात काय काय सोसलं ते मला माहीत आहे, आणि त्या क्षणी तिचा चेहरा मी पाहिला.

काकूंनी तवा खाली उतरवला. हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्या बाजूनं निघून मागच्या दारी गेल्या. मला वाटलं त्या एकट्या बसायला गेल्या. मग त्यांचा आवाज आला. वैशू, असं त्यांनी तीन आठवड्यांत पहिल्यांदा म्हटलं. पुढचं मला ऐकू आलं नाही, आणि ते माझं ऐकायचं नव्हतंही. बऱ्याच वेळानं दोघी आत आल्या. काकूंनी ताईचं ताट वाढलं आणि तिच्यासमोर बसून राहिल्या, ती जेवेपर्यंत.

मी अजून चुलीजवळच उभी होते. जावं की थांबावं कळत नव्हतं. काकू माझ्याकडे न बघता बोलल्या.

"तुला येत नव्हतं, तर येत नाय म्हणायचं. आम्हाला तरी कुठं येत होतं?"

एवढंच. अप्पा, मी तीन वर्षं कॉलेजात जातेय, आणि मला एवढंही कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, मीच ऐकलं नसेल. तुम्ही तर सांगितलं होतंत. मला काय ठावं विमानाचं, असं तुम्ही किती सहज म्हणाला होता. तुमचं त्यात काही कमी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काकू ताईला सोडायला थेट मुंबईच्या विमानतळापर्यंत गेल्या. जाताना ताई माझ्याशी बोलली नाही. गाडीची काच वर होती. मला तिचा राग येत नाही. तुमच्याकडून मात्र मला काही ऐकायचंय आणि ते आता कधीच ऐकू येणार नाही. कॉलवर तुम्ही माझ्याकडे बघून स्वतःवर घेतलंत, ते मला वाचवायला घेतलंत, की तुम्हाला खरंच वाटलं की चूक तुमची होती? पहिलं असेल तर तुमचे उपकार फिटणार नाहीत. दुसरं असेल तर माझं काय होईल मला माहीत नाही. मी तुम्हाला इतकी खात्री दिली होती की माझी चूकही तुम्हाला स्वतःची वाटावी, हे मला झोपू देत नाही.

शेवंतीची तोडणी अजून संपलेली नाही. काकू एकट्या पडल्या म्हणून वस्तीतल्या बायका आळीपाळीनं जातात. मीही जाते, कॉलेजच्या आधी, उजाडताना. कुणी बोलावलं नाही आणि काकूंनी हाकललंही नाही. त्या एका सरीत असतात, मी दुसऱ्या. दव असतं, बोटं गारठतात. पाटी भरली की मी ती त्यांच्या पाटीशेजारी ठेवते. त्या माझ्याशी बोलत नाहीत. बाकीच्या बायकाही मी आल्यावर आवाज कमी करतात. काल काकू मध्येच थांबून कंबरेवर हात ठेवून रस्त्याकडे बघत उभ्या राहिल्या, आणि मला वाटलं आता काहीतरी म्हणतील. त्या पुन्हा खाली वाकल्या.

उद्याही मी जाणार आहे. त्या बोलतील की नाही, मला माहीत नाही.